रिसॉर्टमध्ये राहून ट्रेनिंग : मुलांना गोव्याला पाठवण्याआधी

"सर, पोराले गोव्याले पाठवाचं म्हनता, पन तो राहीन कुठी? अन् खाईन काय?" तिवस्यातल्या एका वडिलांनी आम्हाला विचारलं. मुलगा हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला. ट्रेनिंग मोठ्या हॉटेलातच करा, असं कॉलेजने सांगितलेलं. घरात सगळ्यांच्या पोटात गोळा. असे प्रश्न अलीकडे आमच्याकडे वरचेवर येतात, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीत काही महिन्यांचं ट्रेनिंग अभ्यासक्रमाचाच भाग असतं. फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, किचन आणि सर्व्हिस अशा चारही विभागांत मुलाला फिरवतात. गोव्यातले समुद्रकाठचे रिसॉर्ट, उदाहरणार्थ सिकेरीचे किंवा मोबोरचे, मोठ्या शहरांपासून दूर आहेत. त्यामुळे अशी बरीच हॉटेलं राहण्याची सोय स्वतः करतात. सोय म्हणजे समुद्र दिसणारी खोली नव्हे! एका खोलीत चार-सहा मुलं, स्टाफच्या कँटीनमध्ये जेवण, ड्युटीला नेणारी बस. 'ब्रेक शिफ्ट' हा शब्द मुलांनी आधीच ऐकून ठेवावा : दुपारी काही तास काम, मग सुट्टी, पुन्हा संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत.

जागा मिळवायची कशी? पहिला रस्ता कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाचा. तिथे काम झालं नाही तर हॉटेलच्या एचआर विभागाला किंवा ट्रेनिंग मॅनेजरला थेट ईमेल करा. सोबत बायोडेटा आणि कॉलेजचं पत्र हवंच. हे तीन-चार महिने आधी करा. ऑक्टोबर ते मार्च गोव्याचा सीझन, डिसेंबर अखेर तर श्वास घ्यायला फुरसत नसते. पावसाळ्यात काम कमी, शिकायलाही थोडं कमीच.

कॉलेज नसलेल्या मुलांसाठी सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणीची सोय आहे. त्यासाठी २०१९ च्या नियमांत शिक्षणानुसार दरमहा किमान ५,००० ते ९,००० रुपये स्टायपेंड ठरवला होता. आजचा दर पोर्टलवर पाहून घ्या. कॉलेजमार्फत होणाऱ्या ट्रेनिंगला मात्र हा नियम लागू होत नाही. हॉटेल देईल तेच.

आता ज्या प्रश्नावर घराघरांत वाद होतो तो. सर्व्हिसमध्ये बार येतो, किचनमध्ये डुकराचं मांस येऊ शकतं. यावर मसला सांगणं आमचं काम नाही, तो आपल्या आलिमांना विचारा. आमचं म्हणणं एवढंच की मुलाखतीतच बोला. "बारऐवजी ब्रेकफास्ट किंवा बेकरीत ठेवाल का?" असं अदबीने विचारलं तर कुणी हो म्हणतं, कुणी नाही. पण तिथे पोहोचल्यावर ऐन ड्युटीत नकार दिला तर मुलाचं ट्रेनिंग अडकतं. दाढी, हिजाब आणि जुम्माच्या नमाजची वेळ यांचंही तसंच. रमजान सध्या हिवाळ्यात, म्हणजे ऐन सीझनमध्ये येतोय. इफ्तारच्या वेळेचं आधीच बोलून ठेवावं.

मुलींच्या बाबतीत आम्ही जरा जास्तच खोदून विचारायला सांगतो. मुलींची राहण्याची जागा वेगळी आहे का? रात्रीची ड्युटी संपल्यावर गाडी खोलीपर्यंत सोडते का? लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ट्रेनी आणि अप्रेंटिसही येतात, आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी तक्रार समिती बंधनकारक आहे. समितीत कोण आहे, हे मुलीने पहिल्या आठवड्यातच माहीत करून घ्यावं.

ठरलेलं सगळं, म्हणजे कालावधी, विभाग, स्टायपेंड, राहणं, जेवण, आठवड्याची सुट्टी, ऑफर लेटरवर लेखी घ्या. फोनवरचं "हो हो, होऊन जाईल" धरू नका. जागा लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. आमच्या ओळखीच्या एका घराने असे पैसे दिले. पैसेही गेले आणि सीझनही. कुणी मालदीव किंवा दुबईचं नाव घेतलं तर तो एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते आधी तपासा.

आणि एक घरगुती गोष्ट. स्टायपेंड बहुधा महिना भरल्यावर हाती येतो. तेव्हा बडनेऱ्याला गाडीत बसवताना पहिल्या महिन्याचा खर्च, काळे बूट आणि आधार कार्डाच्या दोन-तीन झेरॉक्स सोबत द्या.