न दिसणाऱ्या रक्तस्रावाचा बंदोबस्त

भिवंडीच्या कामतघरात, जिथे यंत्रमागांचा खडखडाट थांबला तरच माणसे दचकून जागी होतात, तिथे ‘शौचास काळी होते’ ही तक्रार बहुधा उष्णतेच्या खाती जमा होते. आमच्या शेजारच्या वृद्ध मुकादमांचीही तशीच झाली, आणि जठरातील कर्करोगाच्या गाठीतून रक्त पाझरत असल्याचे दुर्बिणीने दाखवले तोवर त्यांना जिना चढवेनासा झाला होता. दुर्बिणीतूनच इलाज करून पाहिले. परंतु असली गाठ ठिसूळ असते, एका जागी रक्त थांबवावे तर शेजारून झिरपू लागते. तेव्हा मुंबईच्या एका रुग्णालयात धमनीतून नळी घालून त्या गाठीचा रक्तपुरवठाच रोखण्याची तजवीज झाली, आणि डॉक्टरांच्या अनुज्ञेने शिसेयुक्त काचेआड बसून मला ती पाहता आली.

जांघेत बधिरतेचे इंजेक्शन. मग धमनीत सुई, सुईतून तार, आणि सुई काढून तारेवरून नळी. स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेली ही रीत अद्याप जशीच्या तशी चालते. मुकादम जागे होते आणि सांगताच श्वास रोखून धरीत होते. नळी महाधमनीतून जठराच्या डाव्या धमनीत शिरली, रंजकद्रव्य सोडले गेले, आणि पडद्यावर रक्ताची धार उसळलेली दिसेल या माझ्या अपेक्षेला तडा गेला. दिसला तो केवळ एक धूसर डाग. मिनिटाला साधारण अर्धा मिलिलिटर रक्त वाहत असल्याखेरीज ते अशा चित्रात उमटत नाही, आणि कर्करोगाचा स्राव तर थांबून थांबून होणारा. परंतु दुर्बिणवाल्या डॉक्टरांनी खूण म्हणून लावलेली धातूची क्लिप त्या डागाजवळच चमकत होती, आणि तेवढ्या साक्षीवर, स्राव प्रत्यक्ष न दिसताही, धमनी रोखण्याचा निर्णय झाला. मला या कामातील खरी विद्या इथेच वाटली.

नळीतून आणखी बारीक नळी पुढे सरकली आणि तिच्यातून सूक्ष्म कण थोडेथोडे सोडले गेले. कण फार बारीक घेतले तर ऊतीच मरते. जठराला अनेक धमन्या असल्याने ते हा आघात सोसते, आतडे तितके सोसत नाही. अमेरिकेत रॉश, डॉटर व ब्राऊन यांनी १९७२ साली जठराचा रक्तस्राव असाच थांबवल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा धमनी बुजवायला रुग्णाच्याच रक्ताची गुठळी वापरली होती!

डाग मावळला. नळी निघाली, आणि एक तरुण डॉक्टर जांघेवरची जागा हाताने दाबून बराच वेळ उभा राहिला.

बाहेर मुलाने विचारले, “डॉक्टरसाहेब, गाठ गेली का?”

“नाही,” ते म्हणाले, “गाठ आहे तिथेच आहे. रक्त पुन्हाही जाऊ शकेल. पण आता केमोला मुदत मिळाली; पाय मात्र उद्यापर्यंत वाकवू देऊ नका.”