दीपनगरच्या उन्हात चंदेरी पाने

आमच्या भुसावळ-दीपनगर भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात अंगणात काय तग धरेल, असे मुलांच्या आया आम्हा शिक्षकांना नेहमी विचारतात. आमचे उत्तर एकच, चंदेरी पानांची झाडे लावा.

ही चंदेरी छटा म्हणजे पानावरची बारीक लव. ती ऊन परतवते आणि पानातले पाणी लवकर उडू देत नाही. रस्त्याकडेच्या रुईच्या पानांवरचा पांढरा थरही हेच काम करतो. मुलांना तो जरूर दाखवा, मात्र रुईचा चीक डोळ्यांना घातक असतो, तेव्हा पान तोडू देऊ नका.

बागेसाठी टेक्सास सेज उत्तम. अमेरिका-मेक्सिकोच्या कोरड्या प्रदेशातले हे झुडूप आपले ऊन सहज सोसते. हवेत ओलावा आला की जांभळ्या फुलांनी भरते. डस्टी मिलर हिवाळ्यापुरते. त्याचे बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरावे. पिठाने माखलेल्या गिरणीवाल्यावरून त्याला हे नाव पडले. सुगंध हवा असेल तर थंडीत दवणा लावावा. त्याचीही पाने करडी-पांढरट असतात.

ही झाडे उन्हापेक्षा पाण्यानेच जास्त मरतात. तापीकाठची काळी माती पाणी धरून ठेवते. मे महिना काढलेले रोप जुलैत मुळाशी कुजते आणि घरात सगळे उन्हाला दोष देतात. म्हणून काळी माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात घ्या. वाफा वीतभर उंच करा, कुंडीचे छिद्र मोकळे ठेवा. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखाली नको.

वरची दोन बोटे माती सुकल्याशिवाय पाणी घालू नये. वुजूचे पाणी बादलीत साठवले, तर त्यात साबण नसल्याने कुंड्यांना बिनधोक चालते. पाणी बुंध्याशी द्या, पानांवर शिंपडू नका. धूळ बसली तर मऊ ब्रशने झटका. सावलीत पाने हिरवट होतात, म्हणून कुंडी उन्हातच ठेवा.

उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येते, तेव्हा पिण्याचे पाणी वाचवून अंगण सजवण्याचा हा सोपा उपाय आहे. पाऊस सरला की पहिले रोप लावा. मुळे धरायला त्याला हिवाळा मिळेल आणि उन्हाळा त्याचा तेच निभावून नेईल.