पहिली मोटरसायकल : नवी की वापरलेली?

भारतातील असंख्य कुटुंबांत घरी येणारे पहिले यंत्रचलित वाहन म्हणजे मोटरसायकल होय. कारखान्यातील कामगार, गावोगाव फिरणारा विक्रेता, तालुक्याच्या ठिकाणी नोकरीस जाणारा शिक्षक, या सर्वांच्या दृष्टीने ती चैनीची वस्तू नसून उपजीविकेचे साधन असते. त्यामुळे ती विकत घेताना जो प्रश्न प्रथम उभा राहतो, तो केवळ आवडीनिवडीचा नसतो. नवी कोरी गाडी घ्यावी, की कोणी तरी वापरलेली गाडी कमी किमतीत घ्यावी? पाश्चात्य देशांत पहिली मोटरसायकल ही पुष्कळदा शिकण्यापुरती असते आणि वर्षा-दोन वर्षांत ती बदलली जाते. आपल्याकडे मात्र तीच गाडी आठ-दहा वर्षे घरातील सर्वांचा भार वाहते. या फरकामुळे प्रश्नाचे उत्तरही येथील परिस्थिती पाहूनच शोधावे लागते.

टंचाईच्या काळातील बाजार

हा प्रश्न पूर्वी आजच्या स्वरूपात नव्हता. मद्रास येथे १९५५ साली एन्फील्ड कंपनीचे काम सुरू झाले आणि ‘बुलेट’ मोटरसायकल भारतात तयार होऊ लागली. पुढे म्हैसूरची ‘जावा’ आणि ‘येझदी’, तसेच एस्कॉर्ट्स कंपनीची ‘राजदूत’ या गाड्या लोकांच्या परिचयाच्या झाल्या. परंतु किती वाहने तयार करावयाची हे त्या काळी सरकारी परवान्यावर अवलंबून असे. मागणी मोठी आणि उत्पादन तोकडे, अशी अवस्था होती. लोकप्रिय स्कूटरसाठी तर नाव नोंदवून कित्येक वर्षे थांबावे लागे. अशा स्थितीत, हातात लगेच मिळणारी वापरलेली स्कूटर कधी कधी नव्या स्कूटरच्या अधिकृत किमतीपेक्षाही महाग विकली जाई. खरेदीदार त्या वेळी जास्तीचे पैसे वाहनासाठी देत नसून प्रतीक्षा टाळण्यासाठी देत असे.

१९८४-८५ च्या सुमारास जपानी कंपन्यांच्या सहकार्याने हलक्या आणि कमी पेट्रोल खाणाऱ्या मोटरसायकली भारतात बनू लागल्या. १९८५ मध्ये आलेली ‘हीरो होंडा सीडी १००’ ही त्यांपैकी विशेष गाजली. १९९१ नंतर उद्योगांवरील परवान्यांचे बंधन बहुतांशी गेले आणि प्रतीक्षायादीही इतिहासजमा झाली. आता नवी गाडी हवी तेव्हा मिळते; म्हणून वापरलेल्या गाडीची किंमत नव्या गाडीच्या खालीच राहते. ती किती खाली असावी, आणि तेवढी स्वस्ताई पुरेशी आहे काय, हाच आजचा प्रश्न आहे.

ज्ञान आणि अज्ञान यांची किंमत

वापरलेल्या वाहनांच्या बाजाराचे एक मार्मिक विवेचन जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली केले. सदोष निघालेल्या मोटारीला अमेरिकेत बोलीभाषेत ‘लेमन’, म्हणजे लिंबू, म्हणतात. अकरलॉफच्या प्रसिद्ध निबंधाच्या नावातच हा शब्द आहे. या विषयावरील कार्याबद्दल २००१ साली त्याला इतर दोघांसमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच्या विचाराचे सार एका कल्पित उदाहरणाने सांगता येईल. समजा, बाजारात एकाच वर्षी बनलेल्या दोन मोटरसायकली आहेत. एक जपून वापरलेली असून तिचे खरे मोल पन्नास हजार रुपये आहे. दुसरी अपघातात सापडलेली असून तिचे मोल वीस हजारच आहे. धुऊनपुसून उभ्या केल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. कोणती गाडी कशी आहे, हे विकणाऱ्यास ठाऊक असते, घेणाऱ्यास नसते. तेव्हा घेणारा मधली किंमत, म्हणजे पस्तीस हजार, देऊ करतो. चांगल्या गाडीच्या मालकाला हा व्यवहार परवडत नाही. तो गाडी विकण्याचा विचार सोडून देतो, किंवा ती भावाला वा मित्राला देतो. वाईट गाडीचा मालक मात्र आनंदाने तयार होतो. अशा रीतीने वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. नवी मोटरसायकल घेणारा मनुष्य यंत्राबरोबर खात्रीही विकत घेत असतो. कंपनीची हमी, अधिकृत दुरुस्ती आणि निष्कलंक कागदपत्रे यांचे मोल नव्या गाडीच्या किमतीत धरलेले असते. वापरलेली गाडी घेणाऱ्याला ही खात्री पैशांनी मिळत नाही. ती त्याला स्वतःच्या श्रमाने, किंवा विश्वासू जाणकाराच्या मदतीने, मिळवावी लागते. जो हे श्रम करतो त्याचे पैसे वाचतात. जो करत नाही त्याला स्वस्त गाडीच महाग पडते.

घसाऱ्याचे गणित

प्रत्येक वाहनाचे मूल्य काळानुसार घटते. या घटीला घसारा म्हणतात. भारतातील विमा कंपन्या वाहनाचे विमामूल्य ठरविताना एक ठरावीक कोष्टक वापरतात. त्यानुसार, पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, सहा महिने ते एक वर्ष या काळात १५ टक्के, एक ते दोन वर्षांत २० टक्के, दोन ते तीन वर्षांत ३० टक्के, तीन ते चार वर्षांत ४० टक्के आणि चार ते पाच वर्षांत ५० टक्के घसारा धरला जातो. बाजारभाव या कोष्टकाला बांधलेला नसतो. तथापि अंदाज बांधण्यास ते उपयोगी पडते.

समजा, एका मोटरसायकलीची मूळ किंमत ८०,००० रुपये आहे. ती नवी घेऊन दीड वर्षाने विकली, तर कोष्टकाप्रमाणे तिचे मूल्य ६४,००० रुपये उरते, म्हणजे १६,००० रुपयांची घट होते. तीच गाडी सव्वातीन वर्षांची असताना ४८,००० रुपयांस घेऊन दीड वर्षाने विकली, तर मूल्य ४०,००० रुपये येते, म्हणजे घट ८,००० रुपयांचीच होते. याशिवाय नव्या गाडीच्या मालकाला आरंभीच पथकर आणि नोंदणीशुल्क भरावे लागते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा त्रयस्थ व्यक्तींसाठीचा विमाही एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. म्हणजे, थोड्याच काळात गाडी बदलण्याचा विचार असेल, तर वापरलेल्या गाडीचे पारडे जड होते. मात्र दुरुस्तीचा खर्च या बचतीहून कमी राहिला पाहिजे.

परंतु गाडी दहा वर्षे ठेवावयाची असेल, तर चित्र पालटते. आरंभीची मोठी घट दहा वर्षांत विभागली जाते आणि यंत्राची उमेदीची वर्षे मालकाच्याच वाट्याला येतात. कर्ज काढावयाचे असल्यास आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. वापरलेल्या वाहनावरील कर्जाचा व्याजदर सामान्यतः अधिक असतो, त्यामुळे किमतीतील फरकाचा काही भाग व्याजात जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटरसायकलींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाडीची किंमत अशी उतरली की जुन्या गाडीसाठी पूर्वीचा भाव मागणे रास्त ठरत नाही. म्हणून सौदा करण्यापूर्वी त्याच प्रकारच्या नव्या गाडीची आजची किंमत विचारून घेणे इष्ट होय.

सुरक्षिततेचा विचार

किमतीइतकाच, किंबहुना त्याहून मोठा, प्रश्न जिवाचा आहे. केंद्रीय मार्ग परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. नवशिक्या चालकाला धोका अधिक असतो, हे वेगळे सांगावयास नको.

घाबरून ब्रेक जोराने दाबला की चाक जागच्या जागी थांबते, पण गाडी थांबत नाही. ती घसरत जाते आणि तिच्यावरील ताबा सुटतो. नवशिक्याच्या हातून हे वारंवार घडते. ते टाळण्यासाठी ‘एबीएस’ ही योजना असते. चाक अडकू लागताच ती ब्रेकचा दाब क्षणभर सैल करते आणि पुन्हा लावते. ही क्रिया एका सेकंदात अनेक वेळा होते. १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून ही योजना सक्तीची झाली. त्याहून लहान गाड्यांना निदान दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी योजना आवश्यक ठरली. त्यापूर्वी बनलेल्या बहुसंख्य गाड्यांत यांपैकी काहीच नसते. म्हणून वापरलेली गाडी घेताना तिच्या निर्मितीचे वर्ष केवळ किमतीसाठी पाहावयाचे नसते.

याच्या उलट बाजूही आहे. शिकताना गाडी एकदोनदा तरी पडतेच. नव्या गाडीवरील प्रत्येक ओरखडा मनाला लागतो. जुन्या गाडीच्या बाबतीत ही धास्ती कमी असते आणि शिकणारा मोकळ्या मनाने शिकतो. कोणतीही गाडी घेतली, तरी भारतीय मानक ४१५१ प्रमाणे बनलेल्या शिरस्त्राणाची किंमत खर्चाच्या अंदाजात प्रथमच धरावी.

यंत्राची पारख

वापरलेली गाडी दिवसाउजेडी आणि इंजिन थंड असताना पाहावी. विकणाऱ्याने ती आधीच चालवून गरम करून ठेवली असेल, तर सुरू होण्यातील अडचण झाकली जाते. धुराकडे लक्ष द्यावे : निळसर धूर म्हणजे इंजिनात तेल जळत आहे, काळा धूर म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे. पुढच्या शॉकअबसॉर्बरवर तेल ओघळले आहे काय, हँडल वळविताना मध्येच अडकते काय, आणि मागून पाहिल्यास दोन्ही चाके एका रेषेत आहेत काय, हे तपासावे. चाके एका रेषेत नसतील, तर सांगाडा वाकलेला असण्याचा संभव असतो. अशी गाडी कितीही स्वस्त असली, तरी घेऊ नये.

किलोमीटर दाखविणारा आकडा बदलता येतो. परंतु पायाखालच्या रबरांची आणि हँडलच्या मुठींची झीज लपविणे कठीण असते. टायरच्या कडेवर चार अंक कोरलेले असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दर्शवितात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सीटखाली किंवा दिव्याच्या आत वाळलेला गाळ आढळल्यास गाडी पुरात बुडाली असावी, असा संशय घ्यावा.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणविषयक मानक लागू झाले आणि जवळजवळ सर्व नव्या मोटरसायकलींत कार्बुरेटरची जागा इंधन फवारणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने घेतली. कार्बुरेटरची गाडी रस्त्याकडेचा कोणताही मेकॅनिक दुरुस्त करतो. नव्या यंत्रणेतील दोष शोधण्यास विशेष उपकरण लागते. दिल्लीचे करोलबाग, चेन्नईचे पुदुपेट किंवा कोलकात्याचा मल्लिकबाजार यांच्याजवळ राहणाऱ्यास बंद पडलेल्या गाडीचे सुटे भागही मिळू शकतात. दूरच्या खेड्यात राहणाऱ्याने मात्र ज्या गाडीचे भाग गावच्या दुकानात मिळतात, तीच पसंत करावी.

कागदपत्रांचे महत्त्व

यंत्रातील दोष पैसे खर्चून दुरुस्त होतो. कागदपत्रांतील दोष पुष्कळदा होत नाही. नोंदणीपुस्तकातील इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. पुस्तकात बँकेच्या कर्जाचा बोजा नोंदलेला असल्यास, तो फिटल्याचा नमुना ३५ आणि बँकेचे पत्र मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत. हस्तांतरासाठी विकणाऱ्याने नमुना २९ आणि घेणाऱ्याने नमुना ३० भरावयाचा असतो. गाडी दुसऱ्या राज्यातील असल्यास तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि नव्या राज्यात पुन्हा कर भरावा लागू शकतो. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते; त्यानंतर तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या गाडीची स्वस्ताई फसवी ठरू शकते.

अनेक जण गाडी विकतात आणि सही केलेले कोरे नमुने घेणाऱ्याच्या हाती देऊन मोकळे होतात. गाडी अशा रीतीने तिघा-चौघांच्या हाती जाते, पण नोंदणी पहिल्याच्याच नावे राहते. अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निर्णय दिला, की अपघाताच्या भरपाईच्या बाबतीत नोंदणीवर ज्याचे नाव असेल, तोच मालक समजला जाईल. हा निर्णय विकणाऱ्यास जितका सावध करतो, तितकाच घेणाऱ्यासही. कारण नावावर नसलेली गाडी चोरीस गेली किंवा मोडली, तर विम्याची रक्कम मिळण्यास अडचण येते. विमापत्रावर आपले नाव लावण्यासाठी कायद्याने चौदा दिवसांची मुदत दिली आहे. पूर्वीच्या मालकाला मिळणारी विम्यातील सवलत त्याच्याबरोबर जाते, गाडीबरोबर येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

निर्णय

या सर्व विवेचनावरून कोणा एकाच्या बाजूने कायमचा कौल देता येणार नाही. ज्याला रोज कामावर वेळेवर पोहोचावयाचे आहे, ज्याच्या ओळखीचा मेकॅनिक नाही आणि जो गाडी दीर्घकाळ ठेवणार आहे, त्याने लहान का होईना, नवीच गाडी घेणे हिताचे होय. ज्याला अगोदर शिकावयाचे आहे, जो वर्षा-दोन वर्षांत गाडी बदलणार आहे आणि ज्याच्यासोबत गाडी पारखणारा माणूस आहे, त्याने तीन-चार वर्षे वापरलेली, एकाच मालकाची, ओळखीतील गाडी घ्यावी. यातही आकड्यांची मर्यादा पाळावी. वापरलेल्या गाडीसाठी जेवढी रक्कम बाजूस काढली असेल, ती सर्व किमतीत न घालविता तिचा काही भाग टायर, साखळी, ब्रेक आणि तेल यांसाठी राखून ठेवावा. कारण पहिल्या महिन्यातच त्याची गरज लागते. हा भाग राखून ठेवणे शक्य नसेल, तर ती गाडी आपल्या ऐपतीबाहेरची आहे असे समजावे, आणि आणखी काही महिने बसने प्रवास करून पैसे साठवावेत.