तापाच्या काचेला कोणतं भिंग?
लेखांक ५

पावसाळ्यात भामरागड-एटापल्लीकडे ताप आला की हिवताप आहे का हे पाहायला आशाताई बोट टोचून काचपट्टीवर रक्त घेते. एकाच काचेवर दोन नमुने: एक जाड थेंब, एक पातळ पसरलेला. ही काच प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सूक्ष्मदर्शकाखाली जाते आणि कोणत्या गोळ्या द्यायच्या ते तिथं ठरतं. म्हणून ‘सगळ्यांत भारी सूक्ष्मदर्शक कोणता?’ हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न मला अपुरा वाटतो. काय पाहायचंय आणि ते जिवंत हवंय का, हे आधी विचारावं.

जाड थेंबातल्या तांबड्या पेशी रंगद्रव्याच्या पाण्यात फुटतात. मग पुष्कळ रक्त एका नजरेत येतं आणि जंतू असेल तर लवकर सापडतो. पातळ नमुन्यात पेशी शाबूत राहतात, त्यामुळे जंतूची जात ओळखता येते. व्हायवॅक्स जातीने पेशी फुगते, तर फाल्सिपेरम जातीची एक अवस्था केळ्यासारखी वाकडी दिसते. हा फरक जिवाशी निगडित आहे. फाल्सिपेरम मेंदूपर्यंत मजल मारू शकतो. व्हायवॅक्स यकृतात दडून राहतो, म्हणून त्याला प्रायमाक्विन १४ दिवस द्यावं लागतं.

तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, आतला जंतू त्याहून कितीतरी लहान. त्यासाठी शंभरपटीचं वस्तुभिंग आणि दहापटीचं नेत्रभिंग, म्हणजे हजारपट. मात्र काच आणि भिंग यांच्यामध्ये तेलाचा थेंब हवाच. काचेतून हवेत शिरताना प्रकाश वाकतो आणि बारकावे हरवतात. तेल प्रकाशाला जवळजवळ काचेइतकंच वाकवतं, त्यामुळे तो भिंगापर्यंत पोचतो.

पण प्रकाशालाही मर्यादा आहे. एकमेकांपासून साधारण ०.२ मायक्रॉनहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत, भिंग कितीही वाढवा. एर्न्स्ट आबे यांनी हे १८७३ मध्ये मांडलं. त्याच वर्षी नॉर्वेत हान्सेन यांना कुष्ठरोगाचा जंतू दिसला. हा जंतू जाडीला या मर्यादेच्या जेमतेम वर आहे. ज्या आजाराच्या माणसांसाठी बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, त्याचा जंतू थोडा आणखी बारीक असता तर साध्या भिंगाला तो कदाचित चकवून गेला असता. हा विचार मला नेहमी थबकवतो.

या मर्यादेच्या खाली जायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा. १९३१ मध्ये रुस्का आणि क्नोल यांनी पहिला तयार केला. फाल्सिपेरमने ग्रासलेल्या पेशीवर बारीक गाठी असतात, त्या यातूनच कळल्या. या गाठींमुळे पेशी केशवाहिन्यांच्या भिंतीला चिकटतात आणि मेंदूतला रक्तप्रवाह अडतो. पण नमुना निर्वात पोकळीत ठेवावा लागतो. त्यामुळे जिवंत पेशी तिथं पाहता येत नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी मात्र पेशी वाकताना पाहायची असते. रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळून वर काच बंद करतात. प्राणवायू संपतो आणि गोल पेशी कोयत्यासारख्या होतात. हे साध्या भिंगातून दिसतं. पण वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे त्यावरून सांगता येत नाही. तिथं भिंग हात टेकतं आणि हिमोग्लोबिनची विद्युत-विलगन चाचणी लागते.

हिवताप पसरवणाऱ्या डासांची जात ओळखायला तर दहा-चाळीसपटीचा, दोन्ही डोळ्यांनी खोली दाखवणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक पुरतो. पंखांवरचे ठिपके त्यात स्वच्छ दिसतात.

आरोग्य केंद्रातली काच मात्र तेलाखालीच राहते. ‘जंतू नाही’ असं लिहिण्याआधी जाड थेंबातली किमान १०० क्षेत्रं, एकेक सरकवत, पाहायची असतात.