डनबार हायस्कूल : तळघरात सुरू झालेली शाळा

मुलांसाठी शाळा निवडताना आपण आधी काय पाहतो? इमारत, गणवेश, बसची सोय, संगणक कक्ष. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील एका सरकारी माध्यमिक शाळेची हकिकत वाचली, की आपण आणखी एक प्रश्न विचारायला हवा हे लक्षात येते.

१८६२ मध्ये वॉशिंग्टन शहरातील गुलामगिरी कायद्याने संपली. त्यानंतर आठच वर्षांनी, १८७० मध्ये, कृष्णवर्णीय मुलांसाठी ही शाळा एका चर्चच्या तळघरात सुरू झाली. कृष्णवर्णीयांसाठीचे ते अमेरिकेतील पहिले सरकारी हायस्कूल. १८९१ मध्ये शाळेला एम स्ट्रीटवर स्वतःची इमारत मिळाली. १९१६ मध्ये ती नव्या इमारतीत गेली आणि कवी पॉल लॉरेन्स डनबार यांचे नाव तिला देण्यात आले.

त्या काळी उच्चशिक्षित कृष्णवर्णीयांना बहुतेक विद्यापीठांत नोकरी मिळत नसे. त्यामुळे मोठमोठे विद्वान या शाळेत शिकवू लागले. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेले इतिहासकार कार्टर वुडसन हे त्यांपैकी एक.

१९०२ मध्ये ॲना ज्युलिया कूपर मुख्याध्यापिका झाल्या. त्यांचा जन्म गुलामगिरीतला. या मुलांना हाताचे कसब शिकवले म्हणजे पुरे, असे म्हणणारे पुष्कळ होते. कूपरबाईंनी ते मानले नाही. लॅटिन, गणित, विज्ञान यांचा पूर्ण अभ्यासक्रम त्यांनी चालू ठेवला आणि त्यांचे विद्यार्थी नामांकित विद्यापीठांत पोहोचले. या आग्रहातून वाद पेटला आणि १९०६ मध्ये त्यांना पद गमवावे लागले. १९१० मध्ये त्या त्याच शाळेत साध्या शिक्षिका म्हणून परतल्या. नात्यातील पाच पोरक्या मुलांचा सांभाळ करत, वयाची पासष्टी ओलांडल्यावर, १९२५ मध्ये त्यांनी पॅरिसच्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

या शाळेतून रक्तद्रव साठवण्याच्या कामात मोलाची भर घालणारे डॉ. चार्ल्स ड्रू निघाले. अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय केंद्रीय मंत्री रॉबर्ट वीव्हर आणि लोकांच्या थेट मतदानाने सिनेटवर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय एडवर्ड ब्रुक हेही इथलेच. वकील चार्ल्स ह्यूस्टन यांनी शाळांमधील वर्णभेदाविरुद्धच्या न्यायालयीन लढाईचा पाया घातला. १९५० मध्ये ते वारले. चार वर्षांनी, १९५४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील हा भेद घटनाबाह्य ठरवला.

त्या न्यायाची किंमतही डनबारला मोजावी लागली. शहरभरातून निवडून येणारी मुले आता आपापल्या वस्तीतील शाळेत जाऊ लागली. डनबार इतर शाळांसारखीच एक झाली आणि तिचा जुना दर्जा ओसरला. पुढे जुनी इमारतही पाडली गेली. २०१३ मध्ये नवी, देखणी वास्तू उभी राहिली आणि शाळा आजही चालू आहे. मात्र तिचे नाव झाले ते तळघरातून निघालेल्या शिक्षकांमुळे.

तेव्हा पुढच्या पालकसभेला जाताना इमारतीबरोबर एवढे जरूर विचारू या : आमच्या मुलांकडून तुमची अपेक्षा किती? "यांच्यासाठी एवढे पुरे" असे कुणी म्हटले, मग ते शिक्षक असोत की आपल्याच घरातील वडीलधारे, तर कूपरबाईंसारखे आदबीने पण ठाम नाही म्हणू या. मुलींच्या बाबतीत तर आवर्जून.