स्थानच्युतीवाचक इंग्रजी शब्द : एक अर्थविचार

एखादी वस्तू, अवयव अथवा मनुष्य आपल्या मूळ जागेवरून सुटला, सरकला किंवा दूर केला गेला, तर ती घटना सांगण्यासाठी इंग्रजीत शब्दांचा मोठा समूह उपलब्ध आहे. मराठी अनुवादात यांपैकी अनेकांची बोळवण ‘विस्थापन’ या एकाच शब्दावर केली जाते. परिणामी शस्त्रवैद्यक, पदार्थविज्ञान, विधिशास्त्र व समाजशास्त्र यांतील भिन्न कल्पना एकाच पेहरावात वावरू लागतात. वस्तुतः हे शब्द समानार्थी नाहीत. मूळ जागा कोणत्या प्रकारची होती, हालविणारा कोण आणि सुटलेल्या जागेचे पुढे काय झाले, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यांपैकी प्रत्येकात निरनिराळी दडलेली असतात.

प्रथम ‘डिस्‌लोकेट’, ‘डिस्‌प्लेस’ आणि ‘डिस्‌लॉज’ हे त्रिकूट घेऊ. तिघांचा उपसर्ग वियोगवाचक आहे. भेद आहे तो जागेच्या कल्पनेत. पहिल्यातील लॅटिन ‘लोकुस’ म्हणजे नेमके ठिकाण. दुसऱ्यातील ‘प्लेस’ हा शब्द लॅटिन ‘प्लातेआ’, म्हणजे रुंद रस्ता किंवा चौक, यापासून आला असून त्याच्या मुळाशी ‘रुंद’ या अर्थाचे ग्रीक विशेषण आहे. संस्कृत ‘पृथु’ हा त्याचाच सगोत्र होय. तिसऱ्यातील ‘लॉज’ म्हणजे मुळात डहाळ्यापानांचा मांडव, आसरा. हा शब्द जर्मानिक भाषेतून जुन्या फ्रेंचमध्ये व तेथून इंग्रजीत आला.

हा भेद केवळ व्युत्पत्तीपुरता नाही. शस्त्रवैद्य ‘डिस्‌लोकेशन’ म्हणतो ते सांध्याबद्दल. हाड मोडून त्याचे तुकडे एकमेकांपासून सरकले, तर त्यास तो ‘डिस्‌प्लेस्ड’ म्हणतो. मराठी बोलीने हा विवेक पूर्वीच केलेला आहे : खांदा ‘निखळतो’, मोडलेले हाड ‘सरकते’. ‘डिस्‌लॉज’ला अडकलेपणाची पूर्वअट लागते. घशात रुतलेला घास किंवा कड्यात घट्ट बसलेला धोंडा यांनाच तो शब्द शोभतो. मेजावरील पुस्तक कोणी उचलले, तर तो लागू पडत नाही. ‘डिस्‌प्लेस’मध्ये मात्र आणखी एक अर्थ संभवतो, तो म्हणजे जागा बळकावणाऱ्याचा. पाण्यात बुडविलेला पदार्थ आपल्या आकारमानाइतके पाणी बाजूस सारतो. मोरचुदाच्या द्रावणात जस्त टाकले असता ते तांब्याची जागा घेते. येथे एकाचे जाणे हे दुसऱ्याच्या येण्याचेच दुसरे नाव आहे. ‘डिस्‌लॉज’मध्ये जागा रिकामी राहिली तरी चालते.

दुसरा गट ‘अन्’ हा देशी उपसर्ग लावून साधलेल्या शब्दांचा. त्यांत जागेऐवजी जोड दिसतो. ‘अन्‌हिंज’ म्हणजे दार बिजागरीवरून निखळविणे, ‘अन्‌सीट’ म्हणजे आसनावरून खाली ओढणे. पैकी पहिला शब्द बुद्धिभ्रंशासाठी रूढ झाला. इंग्रजांचे मन बिजागरीतून निसटते, तर मराठी माणसाचे डोके ‘ठिकाणावर’ राहत नाही. रूपक एकाच जातीचे, परंतु तेथे जोड प्रधान आणि येथे स्थान.

हेतूचा विचार सर्वांत काटेकोरपणे केला तो सागरी कायद्याने. ‘फ्लॉट्‌सम’ व ‘जेट्‌सम’ हे शब्द बोलण्यात जोडीने येतात व किरकोळ अडगळ एवढाच बोध देतात. कायद्यात मात्र जहाज फुटल्यावर आपोआप तरंगत राहिलेला माल तो पहिला. बुडणारे जहाज हलके व्हावे म्हणून जाणूनबुजून फेकलेला तो दुसरा. फेकलेल्या मालाला पुन्हा सापडावा म्हणून तरंगती खूण बांधली असेल, तर तो ‘लॅगन’. परत मिळण्याची आशा सोडून टाकून दिलेले जहाज ‘डेरेलिक्ट’. ब्रिटनच्या १९९५ च्या व्यापारी नौवहन कायद्यातही हे चारही शब्द कायम आहेत. वस्तू समुद्रात पडली ही घटना एकच. पण ती सुटली, टाकली, राखून टाकली की त्यागिली, यावर स्वामित्वाचा विचार अवलंबून राहतो.

माणसांच्या बाबतीत इतकी दक्षता आढळत नाही. ‘इव्हिक्ट’चे मूळ ‘पूर्णपणे जिंकणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. घर रिकामे करविणाऱ्याचा न्यायालयीन विजय त्यात सूचित होतो. ‘औस्ट’ हा शब्द ‘आड उभे राहणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘ओब्‌स्तारे’पासून अँग्लो-नॉर्मन कायदेभाषेच्या वाटेने आला. ‘डिस्‌प्लेस्ड पर्सन’ ही संज्ञा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रूढ झाली आणि फाळणीनंतर भारतीय कायद्याने ती स्वीकारली. भरपाई व पुनर्वसनासंबंधीचा १९५४ चा कायदा याच नावाने झाला. मराठीने त्याच लोकांना ‘निर्वासित’ म्हटले. ‘रेफ्यूजी’ हा शब्द आश्रय कोठे घेतला याकडे पाहतो, ‘निर्वासित’ हा कोठून घालविले याकडे.

पुढे धरणांच्या संदर्भात हा प्रश्न महाराष्ट्राच्या अधिक निकट आला. १९७६ च्या राज्य कायद्याच्या इंग्रजी नावात ‘प्रोजेक्ट डिस्‌प्लेस्ड पर्सन्स’ असे शब्द आहेत. १९८६ च्या कायद्यात त्यांची जागा ‘प्रोजेक्ट अफेक्टेड पर्सन्स’ यांनी घेतली. दरम्यान १९७९ च्या नर्मदा जलविवाद लवादाच्या निवाड्यात ‘औस्टी’ हा शब्द आला. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील बुडीत गावांचे लोक या निवाड्याच्या कक्षेत येतात. तीन संज्ञांचे अर्थक्षेत्र एक नव्हे. ‘अफेक्टेड’ची व्याप्ती सर्वांत मोठी, परंतु त्या विस्तारात जागा सुटल्याची कल्पनाच विरळ होते. ‘डिस्‌प्लेस्ड’मध्ये जागा आहे, हालविणारा अनुक्त आहे. ‘औस्टी’मधील अंत्य प्रत्यय क्रिया सोसणाऱ्याचा वाचक असल्याने, क्रिया करणारा कोणीतरी असलाच पाहिजे, हे तो शब्द आपल्या घडणीतच कबूल करतो.

या दृष्टीने मराठी प्रतिशब्दांची परीक्षा उद्‌बोधक ठरते. ‘प्रकल्पग्रस्त’ यात ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे हा धातू असून ग्रहणातील चंद्राप्रमाणे मनुष्य गिळला गेल्याचे चित्र आहे. मात्र गिळणारा येथे प्रकल्प ठरतो, तो योजिणारा नव्हे. उलट ‘विस्थापित’ हे ‘स्था’ धातूच्या प्रयोजक रूपाचे कर्मणि भूतकालवाचक विशेषण होय. ‘स्थित’ म्हणजे आपण होऊन उभा असलेला. ‘स्थापित’ म्हणजे कोणीतरी उभा केलेला. तेव्हा ‘विस्थापित’ म्हणजे जो जागेवरून ढळला तो नव्हे, तर ज्यास ढळविले गेले तो. इंग्रजी शब्दाचा कर्ता अनुक्त राहतो, तो मराठी शब्दाच्या व्याकरणात शिल्लक आहे.

म्हणून हा शब्द सरसकट वापरून झिजविणे हिताचे नाही. सांध्यास ‘निखळणे’, दगडास ‘सुटणे’, भाडेकरूस ‘निष्कासन’ असे शब्द सिद्ध आहेत. पदार्थविज्ञानात व रसायनात ‘विस्थापन’ ही परिभाषा आता स्थिर झाली आहे व ती तशीच राहावी. मनुष्यासंबंधी मात्र ‘विस्थापित’ हा शब्द लिहिताना, ढळविणारा कोण, हा प्रश्न वाक्यात अनुत्तरित तर राहिला नाही ना, हे अभ्यासकाने पाहावे. समुद्रावर तरंगणाऱ्या पेटाऱ्याविषयी कायदा जेवढे विचारतो, तेवढे तरी माणसाविषयी विचारले गेले पाहिजे.