खोल पाण्यातून वर येताना थांबायचं का?

बचत गटाची सहल ठरायला लागली की मालवण-तारकर्लीचं नाव निघतंच. तिथे आता किल्ला आणि मासळीबरोबर स्कूबा डायव्हिंगही असतं. पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून समुद्राच्या पोटात जायचं. तारकर्लीला ते शिकवणारी एमटीडीसीची संस्था आहे. आपली मुलंमुली हौसेनं जातात, कुणी पुढे ते कामही धरतात. म्हणून आज आम्ही पाणबुड्याच्या मनगटावरच्या एका यंत्राबद्दल सांगणार आहोत. त्याला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात.

आपल्या भिवंडीला बुडी काही नवी नाही. खाडीत डुबी मारून रेती काढणारे आपल्याला माहीत आहेत. एक श्वास छातीत भरायचा, खाली जायचं, बादली भरून वर यायचं. स्कूबावाला मात्र खाली राहूनच श्वास घेत असतो. सगळा फरक इथेच पडतो.

पाण्यात दर दहा मीटरला, म्हणजे साधारण तीन मजल्यांना, दाब एका पटीनं वाढतो. जमिनीवर एक पट, दहा मीटरवर दोन पट, तीस मीटरवर चार पट. सिलिंडरमध्ये बहुतेक वेळा नुसता ऑक्सिजन नसतो, आपली साधी हवाच दाबून भरलेली असते. त्या हवेचे पाचातले जवळजवळ चार भाग नायट्रोजन. एरवी तो आत जातो तसा बाहेर येतो. पण दाबाखाली तो रक्तात आणि मांसात विरघळून साठत जातो.

आता गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी खाली ढकलली की दाब सुटतो आणि फसफसून बुडबुडे येतात. पाणबुड्या झपकन वर आला तर त्याच्या अंगात तसंच होऊ शकतं. मग सांधे ठणकतात, हातपाय बधिर होतात, चक्कर येते, कधी श्वास कोंडतो. माणूस लुळा पडू शकतो, जिवावरही बेततं. उपाय एकच, हळूहळू वर यायचं, म्हणजे साठलेला वायू श्वासावाटे निघून जातो.

किती हळू यायचं याचं पहिलं शास्त्रीय कोष्टक जॉन स्कॉट हाल्डेन यांनी 1908 साली मांडलं. त्यासाठी त्यांनी बकऱ्यांवर प्रयोग केले होते. पूर्वी पाणबुडे अशी कोष्टकं पाहून हिशेब करत. आता तो हिशेब यंत्र करतं.

यंत्र मुख्यतः दोन गोष्टी मोजतं, पाण्याचा दाब आणि वेळ. त्यावरून ते दर काही सेकंदांनी अंगात किती वायू साठला असेल याचा अंदाज बांधतं. आपल्या मागावरच्या कापडाचं उदाहरण घ्या. पातळ मलमल लगेच भिजते, लगेच वाळते. गोधडी भिजायला वेळ घेते आणि वाळायलाही. शरीराचंही तसंच आहे. रक्त लवकर भरतं, चरबी सावकाश. म्हणून यंत्र शरीराचे निरनिराळे भाग कल्पून प्रत्येकाचा वेगळा हिशेब ठेवतं. एका प्रसिद्ध पद्धतीत असे सोळा भाग धरतात.

खाली असताना पडद्यावर मिनिटं दिसतात. वाटेत सक्तीनं न थांबता वर जाता येईल, अशी एवढी मिनिटं उरली. अठरा मीटरवर ती पाऊण तासाहून जास्त मिळू शकतात, तीस मीटरवर वीसच्या आसपास. ती संपली की यंत्र थांबा सांगतं, किती मीटरवर आणि किती मिनिटं. तो थांबा पुरा झाल्याशिवाय त्याच्या वर जायचं नाही. सक्तीचा थांबा नसला तरी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायची चांगली रीत आहे. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ-दहा मीटरच्या आत ठेवायचा. घाई केली की यंत्र पीं-पीं करतं.

पण मैत्रिणींनो, यंत्राला आपलं अंग दिसत नाही. रात्रीचं जागरण, कमी प्यालेलं पाणी, थंडी, थकवा, वय यातलं त्याला काही कळत नाही. म्हणून त्यानं दिलेली शेवटची मिनिटं वापरू नयेत. ज्याचं यंत्र त्यानंच वापरावं, कारण सकाळच्या बुडीचा वायू दुपारीही अंगात असतो आणि त्याचा हिशेब त्याच यंत्रात असतो. खोल बुडीनंतर लगेच विमानात बसू नये, आंबोलीसारखा उंच घाटही चढू नये. यंत्र किती तास थांबायचं ते दाखवतं.

सहलीला गेल्यावर हौशी पाहुण्यांना सहसा उथळ पाण्यातच नेतात. तिथे असे थांबे लागत नाहीत. पण एक नियम सगळ्यांना लागू आहे. वर येताना श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दहा मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. डुबीची सवय असलेल्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

बुडीनंतर कुणाला बधिरपणा, सांधेदुखी किंवा चक्कर जाणवली तर "झोपून बरं वाटेल" म्हणू नका. आडवं निजवा, ऑक्सिजन मिळवा, 108 ला फोन करा. डॉक्टरांना बुडीचं आधी सांगा आणि ते यंत्र सोबत न्या, कारण किती खोल, किती वेळ, सगळं त्यात नोंदलेलं असतं. यावर खरा उपचार म्हणजे दाबाच्या बंद खोलीत ठेवून ऑक्सिजन देणं. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात अशी सोय आहे.

पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. किती खोल नेणार? सोबतच्या माणसाच्या मनगटावर यंत्र आहे का? नावेवर ऑक्सिजन आहे का? उत्तर देताना कुणी हसण्यावारी नेलं, तर आपण काठावरूनच समुद्र पाहावा.